दफनभूमीत कुत्री नेणे : अनादर की राखण?

दफनभूमीत कुत्री फिरवणे हा मृतांचा अनादर आहे, असे वर एका सदस्यांनी लिहिले आहे. कुत्री मोकळी सोडली किंवा त्यांची घाण तशीच ठेवली तर त्यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. सरसकट बंदी मात्र पटत नाही. वॉशिंग्टनमधील १८०७ साली स्थापन झालेली काँग्रेशनल सिमेट्री गेल्या शतकाच्या अखेरीस दुर्लक्षामुळे गवताने भरून गेली होती. ती सावरली तेथे कुत्री फिरवायला येणाऱ्या आसपासच्या रहिवाशांनी, आणि आज तिथे कुत्रे मोकळे फिरवायचे असेल तर वर्गणी भरून सभासद व्हावे लागते.

वसंताच्या सुरुवातीला मात्र एक वेगळीच काळजी घ्यावी लागते, जिचा उल्लेख या चर्चेत अद्याप आलेला नाही. निवृत्तीनंतर आम्ही दोघे आमच्या दोन कुत्र्यांना घेऊन रोज सकाळी जुन्या थडग्यांमधल्या पायवाटेने जातो. एकदा मी शिळेवरची झिजलेली अक्षरे वाचण्यात गुंतलो असताना (ही माझी जुनी खोड) धाकट्या कुत्रीने ओली माती उकरून डॅफोडिल या वसंतात फुलणाऱ्या फुलझाडाचा कंद तोंडात धरला. पत्नीने तिच्या जबड्यात बोटे घालून तो बाहेर काढला, म्हणून निभावले. या झाडात लायकोरिन नावाचे विषारी द्रव्य असते, त्याने कुत्र्यांना उलट्या होतात, आणि सर्वाधिक विष कंदातच असते. तेव्हापासून फुलांचा हंगाम सरेपर्यंत आम्ही पट्टा आखूड धरतो आणि अक्षरे आळीपाळीने वाचतो.