मदत हवी आहे: इंजिनिअरसाठी कायदा आणि नीती, ख्रिस्ती दृष्टीतून

नमस्कार मंडळी. वरच्या विषयावर निबंध लिहितोय. सुरुवात छान सापडली: बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं वचन 22:8 सांगतं, नव्या घराच्या गच्चीला कठडा बांध, नाहीतर कुणी पडून मेला तर दोष तुझ्या घरावर. निष्काळजीपणाचा आजचा कायदा जवळपास हेच म्हणतो!

अडलंय पुढे. 1986 मध्ये चॅलेंजर या (उड्डाणानंतर लगेच फुटलेल्या) अमेरिकी अंतराळयानाच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री इंजिनिअरांनी थंडीत ओ-रिंग (रॉकेटचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या) दगा देतील असं बजावलं होतं, वरिष्ठांनी ते डावललं. अशा वेळी रोमकरांस 13 मधली अधीनता धरायची का? ती तर राज्यकर्त्यांबद्दल आहे. कंपनीच्या साहेबाला लागू होते? की प्रेषितांची कृत्ये 5:29 (माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे)? आणि गोपनीयतेच्या कराराचं काय? तोही दिलेला शब्दच ना. (‘शेजाऱ्यावर प्रीती करा’ एवढंच उत्तर नको, ते लिहून झालंय.) कुणी यावर काम केलं असेल तर कुठून वाचू?