क्लबचा सातबारा कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा

सानपाडा सेंटरहाफ

घोडबंदर ब्लूची कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं म्हणून वेगळा धागा काढतोय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी, त्याचं म्हणणं असं की इंग्लंडच्या शेफील्ड वेन्सडे क्लबच्या पब्लिकने मालक चान्सिरीला शिव्या घालून, मॅचवर बहिष्कार टाकून आपलाच क्लब बुडवला, दहा वर्षं त्या माणसाने घरचे पैसे ओतले, मालकाशिवाय खालच्या डिव्हिजनचा एकही क्लब महिनाभर जगत नाही, म्हणून फॅन्सनी गपचूप तिकीट काढावं.

आधी तारखा बघ रे बाबा. पगार उशिरा व्हायला लागले 2025 च्या मार्चपासून. उन्हाळ्यात विंडास आणि स्मिथ हे खेळाडू करार मोडून गेले, कोच डॅनी रोलही गेला. बहिष्काराची मॅच 22 ऑक्टोबरला आणि 24 ला क्लब अॅडमिनिस्ट्रेशनमध्ये, म्हणजे दिवाळखोरीच्या कारभारात, बारा गुण वजा. दोन दिवसांच्या बहिष्काराने दहा वर्षांचं कर्ज होतं का? उलट चान्सिरी गेल्यावर त्याच पब्लिकने क्लबच्या दुकानाबाहेर रांगा लावल्या. पैसा लोकांकडे होता, त्याच्या हातात द्यायचा नव्हता एवढंच.

आता मुद्द्याचं. मालक चांगला की वाईट यावर आपण कायम भांडतो, पण मैदान कोणाच्या नावावर आहे हे कोणी विचारत नाही. चान्सिरीने हिल्सबरो हे मैदान क्लबकडून काढून स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीला विकलं, हिशोबात नफा दिसावा म्हणून. त्या व्यवहारापायी 2020 मध्ये बारा गुण कापले, अपिलात सहा झाले, आणि त्या सहा गुणांमुळेच 2021 ला टीम खाली गेली. वेन्सडेचे 41 होते, वाचलेल्या डर्बीचे 44, बेरीज तुम्हीच करा.

आणि बेरी. मी 2019 मध्ये मँचेस्टरला ऑनसाइट होतो, घर बेरीच्या ट्राम लाइनवर. 1885 चा क्लब, दोनदा एफए कप जिंकलेला, त्याच वर्षी प्रमोशन मिळालेलं. स्टीव्ह डेलने तो एक पौंडाला घेतला होता आणि नंतर रेडिओवर सांगितलं की बेरीला फुटबॉल टीम आहे हेच आपल्याला माहीत नव्हतं. मैदान गहाण, पार्किंगच्या जागासुद्धा आधीच्या मालकाच्या काळात गुंतवणूक म्हणून विकलेल्या. 27 ऑगस्टला शेवटची मुदत होती आणि त्या दिवशी सकाळपासून शेकडो लोक क्लबच्या मैदानावर, गिग लेनवर, झाडू, बादल्या घेऊन खुर्च्या पुसत होते, कारण डॉनकास्टरशी मॅच होईल अशी आशा होती. माझ्या ऑफिसातला एकजण सुट्टी टाकून गेला, संध्याकाळी हाताला पांढरा रंग लागलेला तसाच ट्राममध्ये चढला. रात्री लीगने हाकललं. खेळाडू होते, प्रेक्षक होते, मैदान आणि क्लब एका माणसाच्या खिशात होतं म्हणून सगळं गेलं. तू त्या लोकांना सांग गप तिकीट काढा म्हणून.

घोडबंदर ब्लू

एवढं लांबलचक लिहिलंस पण माझ्या प्रश्नाला हात लावला नाहीस. पगार कोण देणार? चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे प्रीमियर लीगच्या खालच्या डिव्हिजनमध्ये, कित्येक क्लबांचे नुसते पगार उत्पन्नापेक्षा जास्त असतात, ही तूट मालकच भरतो. चान्सिरीने हिल्सबरो विकलं कारण लीगच्या तोट्याच्या मर्यादेत बसायचं होतं, आणि तोटा का झाला, तर पब्लिकलाच प्रीमियर लीग पाहिजे होती. 2016 ला वेम्बलीला प्लेऑफ फायनल खेळले तेव्हा हाच माणूस देव होता. हरल्यावर चोर.

बेरीचं वाईट वाटतं, मान्य. पण बेरीच्या होम मॅचला किती लोक यायचे? शेजारी सिटी आणि युनायटेड असताना तिथे तो पसारा परवडणाराच नव्हता. भावना वेगळ्या, हिशोब वेगळा.

रेफ्री काका (कोलबाड)

तुम्ही दोघं शेफील्डवर भांडताय, आपल्याकडे काय झालं ते आठवतं का कोणाला? महिंद्रा युनायटेड 2006 ला नॅशनल लीग जिंकली आणि 2010 ला कंपनीने टीम बंद केली, म्हणाले शाळांच्या फुटबॉलवर लक्ष देऊ. मुंबई एफसी 2007 ला निघाली, 2017 ला आय-लीगमधून खाली गेली आणि संपली. ज्या खालिद जमीलने ती टीम वर्षानुवर्षं फाटक्या बजेटमध्ये वर ठेवली त्याला त्याच्या आदल्या वर्षी सोडलं, आणि तो ऐझॉलला जाऊन त्याच सीझनला चॅम्पियन झाला. 2025 ला भारताचा कोच झाला. पुणे एफसी गेली, भारत एफसी तर एकच सीझन खेळली. मी मुंबईच्या कूपरेज मैदानावर लाइन धरलेली आहे, रोव्हर्स कपच्या दिवसांत तिथे गॅलरीत जागा मिळायची नाही. ह्यातल्या एकाही टीमसाठी कोणी गेटसमोर उभं राहिलं नाही.

आणि उभं राहणार कुठे? ठाण्यात मोठं स्टेडियम म्हणजे दादोजी कोंडदेव, तिथे क्रिकेटची खेळपट्टी. बाकी मैदानांवर लग्न, प्रदर्शन, नेत्याचा वाढदिवस. पोरं टर्फवर तासाचे पैसे मोजून पाच-पाच खेळतात आणि त्याला फुटबॉल म्हणतात. ह्यावर लिहा कोणीतरी.

घोडबंदर ब्लू

बघ, काकांनीच माझी बाजू मांडली. कूपरेज काय महिंद्राचं होतं? त्यांच्यात मैदानाचा वादच नव्हता तरी क्लब मेले, कारण मालकाला कंटाळा आला. म्हणजे मालक हाच मुद्दा आहे, सातबारा नाही.

सानपाडा सेंटरहाफ

उलटं आहे रे. मैदान नाही, सभासद नाहीत, म्हणजे क्लब नाहीच, कंपनीचं एक डिपार्टमेंट आहे. एका मीटिंगमध्ये बंद. हैदराबाद बघ, 2022 ला आयएसएल चॅम्पियन, दोन वर्षांत पगार थकले, फिफाची बंदी, अर्धी टीम सोडून गेली, आणि 2025 ला तोच क्लब उचलून दिल्लीला नेला, नाव बदललं. तिथल्या पोरांनी काय करायचं, दिल्लीला सपोर्ट?

कॉव्हेन्ट्री बघ. 2005 ला जुनं मैदान सोडलं, नव्यात भाडेकरू, मग मालक आणि मैदानवाल्यांचं कोर्टात जुंपलं, आणि 2013 ला टीम नॉर्थम्प्टनला होम मॅच खेळायला. 2019 ला परत तेच, बर्मिंगहॅमला. शेवटी 2025 ला मैदान विकत घेतलं तेव्हा कुठे ते भांडण मिटलं.

नौपाडा सेक्रेटरी

फुटबॉलमधलं मला फार कळत नाही, मुलगा बघतो म्हणून इथे आहे, पण सातबारा म्हटल्यावर राहवलं नाही. आमच्या सोसायटीत तंतोतंत हेच आहे. इमारत आमची, मेंटेनन्स आमचा, टाकी गळली तर खर्च आमचा, आणि जमीन अजून बिल्डरच्या नावावर. मोफा कायद्यात स्पष्ट आहे, सोसायटी नोंदवल्यावर चार महिन्यांत कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, करून द्यायचा. आमचा बिल्डर फोन उचलत नाही आणि आता त्याचा मुलगा येऊन म्हणतो रिडेव्हलपमेंट मीच करणार, कारण जमीन माझी. त्यामुळे सानपाडावाले, तुमचं शंभर टक्के बरोबर.

पाम बीच कीपर

साहेब डीम्ड कन्व्हेयन्स करा ना, बिल्डरच्या सहीची गरजच नाही. जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज.

नौपाडा सेक्रेटरी

केलाय हो. मंजूर नकाशा आणि ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मागतात, ओसी बिल्डरने कधी घेतलीच नाही. त्यात आमचे सभासद, मीटिंगला कोरम होत नाही, वकिलाची फी काढायची म्हटलं की सगळे गावाला. ज्यांचे दोन फ्लॅट आहेत ते आतून बिल्डरला सामील.

घोडबंदर ब्लू

हे वाचा सगळ्यांनी! सेंटरहाफला हेच पाहिजे, क्लब फॅन्सच्या ताब्यात. चाळीस फ्लॅटच्या सोसायटीत कोरम होत नाही आणि तुम्ही फुटबॉल क्लब चालवणार. माझ्या आजोबांचे पैसे एका पतपेढीत बुडालेत, तिथेही सगळे सभासदच होते, सहकारच होता. आजोबा पासबुक घेऊन हेलपाटे घालत राहिले, काउंटरवरचा माणूस ओळखीचा, तो नजर मिळवायचा नाही. एक मालक असता तर निदान कोणाची कॉलर धरायची हे कळलं असतं.

पाम बीच कीपर

पतपेढीवरून सहकाराला झोडपू नका. ह्याच महाराष्ट्रात सहकारावर गावं उभी राहिली.

घोडबंदर ब्लू

आणि ह्याच महाराष्ट्रात बुडाली. कारखाने कोणी खाल्ले ते बोलायचं का इथे?

रेफ्री काका (कोलबाड)

राजकारण नको. मैदानाचं बोला.

नौपाडा सेक्रेटरी

काका, मी मैदानाचंच बोलतोय, जमीन म्हणजे मैदान. आणि ब्लू, आमची सोसायटी कोरमअभावी हसण्यावारी नेऊ नका. पंचाहत्तर वर्षांच्या बाई चार जिने उतरून उपनिबंधक कार्यालयात येतात माझ्याबरोबर, हातात फायलीची पिशवी घेऊन. सभासद आहेत म्हणून लढाई तरी आहे. भाडेकरू असतो तर कधीच बाहेर फेकले गेलो असतो.

सानपाडा सेंटरहाफ

सेक्रेटरी साहेब, हेच मला म्हणायचं होतं. आणि ब्लू, फॅन्सना चालवता येत नाही म्हणतोस तर एक्सेटर क्लब घे. 2003 पासून फॅन्सच्या सपोर्टर्स ट्रस्टकडे, तेव्हा क्लब लीगबाहेर आणि कर्जात. 2005 ला एफए कपमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेडला शून्य-शून्य रोखलं, रीप्ले घरी, त्या पैशातून कर्ज फेडलं. अब्जाधीशाची गरज लागली नाही. विम्बल्डनचा क्लब मिल्टन कीन्सला न्यायला परवानगी मिळाली तेव्हा लोकांनी 2002 मध्ये नवीन क्लब काढला, 2011 ला लीगमध्ये आले आणि 2020 ला परत प्लाव लेनला, स्वतःच्या मैदानावर.

घोडबंदर ब्लू

पोर्ट्समथ विसरलास? 2013 ला फॅन्सनी घेतला, लीग टू जिंकली, आणि 2017 ला त्याच फॅन्सनी मत देऊन आयझनरला विकला. अमेरिकन अब्जाधीशाला. का? कारण पुढे जायला पैसा नव्हता. स्वतः मालक असलेल्यांनीच माझं म्हणणं मान्य केलं. आणि स्वान्सी, फॅन्सच्या ट्रस्टकडे 21 टक्के होते, 2016 ला बाकीच्यांनी ट्रस्टला बाजूला ठेवून विकून टाकलं. 21 टक्क्यांचं काय लोणचं घालायचं?

फिजिओ ताई (ऐरोली)

बराच वेळ वाचतेय, आता बोलते. मालक, फॅन्स, जमीन, सगळं झालं. जे तिथे काम करतात त्यांचं कोणी बोललं? मी ह्या भागातल्या एका क्लबबरोबर काम केलंय, नाव घेत नाही. दोन भागीदारांमध्ये भांडण झालं, सह्यांचे अधिकार कोणाकडे यावर बँकेचं खातं अडकलं. खेळाडूंना थोडेफार मिळाले कारण ते फेडरेशनकडे तक्रार करू शकतात. मला नाही मिळाले. आमचे किट धुणारे काका होते, स्कूटरच्या पुढे गाठोडं ठेवून यायचे, मोजे जोडी जोडीने बांधलेले. बिल द्यायला आले की दोन्ही भागीदार एकमेकांकडे बोट दाखवायचे. एक दिवस त्यांनी धुतलेलं किट दिलंच नाही, तर मॅनेजर त्यांच्यावर ओरडला की टीमचं नुकसान करताय. मी तिथे उभी होते.

इंग्लंडमध्येही तेच आहे. फुटबॉल क्रेडिटर रूल म्हणून आहे, क्लब बुडाला की खेळाडू आणि दुसरे क्लब यांचे पैसे आधी, पूर्ण. बाकीच्यांना उरलंसुरलं. पोर्ट्समथ 2010 ला बुडालं तेव्हा सेंट जॉन अॅम्ब्युलन्ससुद्धा देणेकऱ्यांच्या यादीत होती, मैदानावर प्रथमोपचार देणारी संस्था. ब्लू, तुझा मालक पगार देतो म्हणतोस ना, तो कोणाचा पगार आधी देतो ते सांग.

घोडबंदर ब्लू

ताई, याच्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तुमचे पैसे बुडाले ते चूकच. पण त्याचा दोष भांडणाऱ्या भागीदारांना द्या, मालकी ह्या गोष्टीला नको.

फिजिओ ताई (ऐरोली)

भागीदार म्हणजे मालकच की रे.

पाम बीच कीपर

मोरकॅम क्लबचं पण बघा. मालकाचा वर्स्टरचा रग्बी क्लब 2022 लाच बुडालेला, तरी मोरकॅम त्याच्याकडे राहिला. 2025 च्या जुलैमध्ये नॅशनल लीगने निलंबित केलं, मग ऑगस्टमध्ये पंजाब वॉरियर्सने घेतला आणि अश्वीर सिंग जोहलला मॅनेजर केलं. म्हणजे चांगला मालक आला आणि क्लब वाचला. सेंटरहाफ, हे पण मान्य कर.

सानपाडा सेंटरहाफ

मान्य, मालकाने वाचवला. पण आधी बुडवला कोणी? आणि विकायला नकार देत बसला तोपर्यंत खेळाडू आणि स्टाफ कसे जगत होते? म्हणूनच इंग्लंडमध्ये 2025 च्या जुलैमध्ये कायदा झाला, स्वतंत्र नियामक आला, मालकाची तपासणी करणार, आणि मैदान विकायचं किंवा हलवायचं तर त्याची परवानगी लागणार. संसदेला जे पटलं ते घोडबंदरला पटायला हरकत नाही.

घोडबंदर ब्लू

टोमणे नकोत. ठीक आहे, मैदान क्लबपासून तोडता येऊ नये एवढं मान्य करतो. हिल्सबरोचा व्यवहार मलाही तेव्हा पटला नव्हता. पण बहिष्कार टाकणाऱ्यांना मी अजूनही बरोबर म्हणणार नाही, त्या रिकाम्या स्टेडियममध्ये अकादमीतली पोरं पगार थकलेला असताना खेळत होती, त्यांच्याकडे पाठ फिरवलीत. आणि इथे आपल्याकडे मैदान कोणाच्या नावावर करणार तेवढं सांग. सिडकोचा भूखंड क्लबला परवडेल?

सानपाडा सेंटरहाफ

त्या पोरांसाठीच बहिष्कार होता, पण ते तुला पटणार नाही, सोड. सिडकोचं म्हणशील तर विकत घ्यायची गरजच नाही, लीजवर द्या, करारात लिहा की फक्त फुटबॉल, नाव कोणाचंही असो. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम दाखवू नको, 17 वर्षांखालच्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या मॅचेस तिथे झाल्या, मुंबई सिटी दोन सीझन खेळली आणि अंधेरीला गेली, नवी मुंबईची स्वतःची टीम त्यातून उभी राहिली नाही.

रेफ्री काका (कोलबाड)

लीजमध्ये लग्नाला बंदी पण लिहा. आणि क्रिकेटला.

नौपाडा सेक्रेटरी

लीज असेल तर ती संस्थेच्या नावे नोंदवून घ्या, अध्यक्षाच्या नावे नको. ओसीशिवाय डीम्ड कन्व्हेयन्स झालेली ठाण्यातली सोसायटी कोणाला माहीत असेल तर मला मेसेज करा, रविवारी मीटिंग आहे.