‘कुपोषण’, ‘उपजत मृत्यू’, ‘कुटुंब कल्याण’: सर्वेक्षणाच्या फॉर्मवर कोणते शब्द लिहावेत?

प्रश्न

नमस्कार मंडळी. सहा वर्षांखालच्या मुलांच्या पोषण आणि आरोग्य योजनांचं मूल्यमापन होणार आहे. त्याची इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलंय. आधीच्या मसुद्यात स्टंटिंग, वेस्टिंग आणि अंडरवेट या तिन्हींना सरसकट ‘कुपोषण’ लिहिलंय. शोधल्यावर खुजेपणा, बुटकेपणा, कृशता, लुकडेपणा, रोडपणा असे बरेच शब्द सापडले. यातले कोणते घेऊ? ‘स्टिलबर्थ’ला ‘उपजत मृत्यू’च ना? आणि एका प्रश्नात ‘कुटुंब कल्याण सेवांचा लाभ’ आहे, तो तसाच ठेवू का?

प्रतिसाद (सर्वेक्षणाच्या कामातले)

ताई, ते सरसकट ‘कुपोषण’ आधी खोडा. वयाच्या मानाने उंची कमी असणं म्हणजे स्टंटिंग. पोटात असल्यापासून पुढे बरेच महिने आबाळ झाली की ते होतं. उंचीच्या मानाने वजन कमी असणं म्हणजे वेस्टिंग. ते अलीकडच्या उपासमारीने किंवा जुलाब-तापाने होतं आणि जिवावर लवकर बेततं. वयाच्या मानाने वजन कमी, म्हणजे अंडरवेट, यात दोन्हींची सरमिसळ असते.

हा फरक पुसला की काय होतं ते महाराष्ट्राच्याच आकड्यांत बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये आपल्याकडे पाच वर्षांखालची ४६.३ टक्के मुलं स्टंटेड होती, २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के. त्याच दहा वर्षांत वेस्टिंग मात्र १६.५ वरून २५.६ टक्क्यांवर गेलं. कमी वजनाची मुलं ३७ टक्के होती, ती ३६ टक्के झाली. आता ‘कुपोषण’ हा एकच शब्द हाताशी असेल तर एकजण म्हणणार घटलं, दुसरा म्हणणार वाढलं, तिसरा म्हणणार जैसे थे, आणि तिघांकडेही त्याच सर्वेक्षणाचा दाखला असणार. योजनेला यश आलं की नाही यावर मग नुसता वाद होतो. मुलाला नेमकं काय कमी पडतंय हे कुणी विचारतच नाही.

अहवालासाठी माझी पसंती खुजेपणा, कृशता आणि कमी वजन यांना. बुटकेपणाही चालतो, पण तो मोठ्या माणसाच्या ठेंगणेपणाकडे झुकतो. कोणताही घ्या, पहिल्या पानावर व्याख्या द्या आणि शेवटपर्यंत तोच वापरा. पान चारवर खुजेपणा आणि पान अकरावर वाढ खुंटणे असं आलं की वाचणाऱ्याला त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात.

फॉर्मवर तर यातला एकही शब्द नको. तिथे फक्त मापं हवीत. फक्त ‘लांबी’ आणि ‘उंची’ यांत घोटाळा होऊ देऊ नका. दोन वर्षांखालच्या बाळाला आडवं निजवून मोजतात, ती लांबी. त्यापुढच्या मुलाला उभं करून मोजतात, ती उंची. लहान बाळाला उभं करून मोजलं असेल तर ०.७ सेंटिमीटर मिळवावे लागतात. म्हणून ‘निजवून मोजले / उभे करून मोजले’ अशी खूण करायची जागा ठेवा. नुसतं ‘उंची’ छापलेले फॉर्म मी पाहिलेत. त्यांतल्या कोणत्या आकड्यात दुरुस्ती करायची हे नंतर कळायला मार्ग नसतो.

प्रतिसाद (निवृत्त पर्यवेक्षिका, अंगणवाडी)

सरांचं पटलं, पण ‘कृशता’ फक्त अहवालातच ठेवा. सेविका तो शब्द बोलणार नाहीत. पूर्वी आमच्याकडे श्रेणी होत्या, ‘तिसऱ्या-चौथ्या श्रेणीचं बाळ’ म्हटलं की सगळ्यांना कळायचं. त्या श्रेणी वयानुसार वजनावर होत्या. जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची मानकं लागू झाल्यावर सॅम (तीव्र कुपोषित) आणि मॅम (मध्यम कुपोषित) आले, आणि ते आता आमच्या बोलण्यात पक्के बसलेत. ‘माझ्याकडं दोन सॅम आहेत’ असं सेविका सहज म्हणते. पण जुनी चौथी श्रेणी म्हणजे आजचं सॅम नव्हे, कारण सॅम उंचीनुसार वजनावर किंवा दंडाच्या घेरावर ठरतं. दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला, दंड मोजायच्या पट्टीवर लाल रंग आला, की सॅम. दोन्ही पायांवर सूज असेल तरीही सॅमच. जुन्या रजिस्टरमधले आकडे नव्यांशेजारी ठेवून तुलना करणारे भेटतात, त्यांना हे आवर्जून सांगा.

आणि आयांशी बोलताना ‘तुमचं मूल खुजं आहे का’ असं चुकूनही विचारू नका. बाई दुखावते, आणि पुढच्या प्रश्नांना नुसती मान हलवते. ‘बाळ अंग धरतंय का?’, ‘मध्यंतरी सुकलं होतं का?’ असं विचारलं की ती आपणहून सांगते, जुलाब कधी लागले, दूध कधी तुटलं, ऊसतोडीला गेलो तेव्हा काय खाल्लं. बाळसं, सुकणं, वाळणं हे तिचे शब्द आहेत, प्रश्नावलीत तेच असावेत.

प्रतिसाद (अनुवादक)

‘उपजत मृत्यू’ सरकारी आकडेवारीत रुळलेला आहे, म्हणून तक्त्यात राहू द्या. पण तो प्रश्नात नको. एक तर ‘उपजत’ म्हटलं की लोकांना उपजत बुद्धी, उपजत गुण आठवतात. आणि खरा धोका वेगळाच आहे. उपजणे म्हणजे जन्मणे, त्यामुळे ‘उपजताच गेलं’ यात मेलेलं जन्मलेलं बाळही येतं आणि जन्मून, रडून तासाभरात गेलेलं बाळही येतं. पहिला मृत्यू बालमृत्यू दरात धरला जात नाही, दुसरा धरायलाच हवा. दुसरा पहिल्या रकान्यात लिहिला गेला की दर कागदावर उतरतो आणि त्या बाळाची बालमृत्यूत नोंदच होत नाही. मला हे फार लागतं.

म्हणून विचारायचं ते असं: बाळ रडलं का? श्वास घेतला का? हात-पाय हलवले का? एकाचंही उत्तर हो आलं तर बाळ जिवंत जन्मलं. पुढचा प्रश्न, किती वेळाने किंवा किती दिवसांनी गेलं. २८ दिवसांच्या आत गेलं असेल तर नवजात मृत्यू. ‘व्हर्बल ऑटॉप्सी’चं ‘शाब्दिक शवविच्छेदन’ करू नका, मूल गेलेल्या घरात तो शब्द उच्चारवणार नाही. ‘मृत्यूच्या कारणाची विचारपूस’ लिहा.

प्रतिसाद (सर्वेक्षणाच्या कामातले)

‘कुटुंब कल्याण’ अजिबात तसं ठेवू नका. कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम १९५२ पासूनचा. आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीनंतर १९७७ मध्ये त्याचं नाव बदलून कुटुंब कल्याण झालं. नाव बदललं, पण लोकांच्या लेखी त्याचा अर्थ ‘ऑपरेशन’ असाच राहिला. ‘कुटुंब कल्याणाचा लाभ घेतला का?’ असं विचारलं तर बाई ‘हो, दोन पोरांवर केलं’ म्हणेल, आणि तुम्हाला विचारायचं असेल गरोदरपणातल्या तपासण्यांबद्दल. प्रत्येक सेवा तिच्या नावाने विचारा: लस, गोळ्या, घरपोच आहार, पाळणा लांबवण्याची साधनं, ऑपरेशन.

प्रश्नकर्तीकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. बाई, तुमचे शब्द जसेच्या तसे घेते. आणखी एक अडलंय: ‘कंट्रोल ग्रुप’ला मसुद्यात ‘नियंत्रण गट’ आहे. काहींनी ‘नियंत्रित गावे’ही लिहिलंय.

प्रतिसाद (अनुवादक)

‘तुलनेची गावं’ लिहा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बाळांच्या घरोघरी काळजीचा प्रयोग केला, तो १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ३९ गावांत ही सेवा दिली, ४७ गावं ही सेवा न देता तुलनेला ठेवली होती, आणि तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. या वाक्यात ‘नियंत्रित गावे’ घालून बघा. वाचणाऱ्याला वाटेल, त्या गावांवर कसलं तरी बंधन घातलं होतं.

प्रतिसाद (निवृत्त पर्यवेक्षिका)

आणि तुलनेच्या गावात गेलात की आधी तिथल्या सेविकेला सांगा, की ही तिच्या कामाची तपासणी नाही. नाहीतर ती तुम्ही यायच्या आदल्या दिवशी सगळी वजनं पुन्हा लिहून काढेल.