मराठीत स्वभावाला शब्द नाहीत म्हणे!

गोरेगावकर:
काल आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने टाकलं, ‘मुलांना माणसं ओळखता यायला हवीत तर हे ५० इंग्रजी शब्द पाठ करून घ्या, मराठीत स्वभावाला शब्दच नाहीत.’ खाली यादी. इन्ट्रोव्हर्ट, टॉक्सिक, पीपल प्लीझर, गॅसलायटर वगैरे. त्यावर भराभर अंगठे. मला रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितोय.

शब्द नाहीत? लोचट, कोडगा, चेंगट, तिरसट, फटकळ, आतल्या गाठीचा, मानभावी हे काय आहेत? गॅसलायटिंग म्हणे नवीन. आपण त्याला वेड्यात काढणं म्हणतो.

माझे वडील भिडस्त होते. गोरेगावहून दादरला कामाला जायचे. स्लो लोकलच्या दारात गर्दी असली की ‘जरा सरा’ म्हणायला जीभ उचलायची नाही. दादर गेलं की एल्फिन्स्टनला उतरायचे आणि चालत मागे यायचे. हेच वडील संध्याकाळी वाडीतल्या कट्ट्यावर दोन-दोन तास गोष्टी रंगवायचे. मग ते इन्ट्रोव्हर्ट की एक्स्ट्रोव्हर्ट? भीड समोरच्याची वाटते. एकट्या माणसाला भीड नसते. हे त्या ५० शब्दांत कुठे बसतं?

भांडुपच्या मॅडम:
१४ वर्षं इंग्रजी बोलायला शिकवतेय. दादा, तुमची यादी परत वाचा. यातला एक तरी शब्द माणूस स्वतःबद्दल वापरेल का? हे सगळे शब्द दुसऱ्याने वापरायचे, बहुतेक वेळा मोठ्यांनी लहानांना. माझ्या क्लासमधल्या एका मुलीला घरी लहानपणापासून ‘घुमी’ म्हणतात. ‘आय ॲम ॲन इन्ट्रोव्हर्ट’ हे वाक्य ती पहिल्यांदा मान वर करून बोलली. घुमी म्हणजे दोष, इन्ट्रोव्हर्ट म्हणजे नुसता स्वभाव. तुमच्या वडिलांचं मला पटलं, पण तिने काय म्हणायचं?

सकाळची ७:४२:
मॅडम, तुम्ही फी घेऊन हेच शिकवता, तुम्हाला इंग्रजी शब्द लागणारच. मी नोकरभरतीत आहे. समोर बसलेला प्रत्येक जण ‘हार्डवर्किंग’ आणि ‘टीम प्लेयर’ असतो. शेवटचं कोणाशी वाजलं ते विचारलं की गप्प. मागच्या महिन्यात एकाला मराठीत विचारलं. म्हणाला, ‘सर, मी चिवट आहे, हातात घेतलं की सोडत नाही.’ त्याला घेतलं. म्हणाला ना स्वतःबद्दल?

भांडुपच्या मॅडम:
माझ्या फीवर घसरायचं कारण नव्हतं. चिवट मान्य. हाच शब्द एखाद्या मुलीने स्वतःसाठी वापरला असता तर तिला घेतलं असतंत का, ते मनाला विचारा. आणि १९३६ मध्ये ऑलपोर्ट आणि ओडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी शब्दकोश चाळून माणसाचं वर्णन करणारे जवळपास १८ हजार शब्द वेगळे काढले होते. इतक्या शब्दांतून निवड करता येते, म्हणून मुलं तिकडे वळतात.

वऱ्हाडी मुंबईत:
मधेच येतो, पण यादीतला ‘मानभावी’ खटकला. तो महानुभाव पंथाच्या नावावरून आला आहे. आमचं घर त्या पंथाचं. मराठी गद्य ज्या लीळाचरित्रापासून सुरू होतं, ते आमच्या लोकांनी लिहिलं. आणि तुम्ही आमचं नाव ढोंगी माणसाला लावता.

गोरेगावकर:
अहो, कोणाच्या मनात पंथ असतो? शब्द मूळ सोडून जातात. इंग्रजी ‘नाइस’ ज्या लॅटिन शब्दातून आला त्याचा अर्थ अडाणी. आज ते कौतुक आहे. थंड माणसाला ‘फ्लेग्मॅटिक’ म्हणतात, मुळात कफाचा; तापट माणसाला ‘कोलेरिक’, मुळात पित्ताचा. म्हणून कोणी कफाची माफी मागतं का?

वऱ्हाडी मुंबईत:
त्यांचा शब्द खालून वर गेला. आमचा वरून खाली आला, आणि तो ढकलला कोणी, हे विचारायचं नाही? मी सहावीत इथल्या शाळेत आलो. वर्गात बाई एका मुलीला म्हणाल्या, ‘मानभावीपणा पुरे.’ मी घरी येऊन आजीला अर्थ विचारला. काळं लुगडं नेसलेली आजी तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपातच थांबला. म्हणाली, ‘आपल्याले म्हंतेत थे.’ पुढे शाळेत पंथाचं नाव मी कधी काढलं नाही. तुम्हाला ही कफाची गोष्ट वाटते?

सकाळची ७:४२:
असं धरायचं ठरवलं तर अर्धा शब्दकोश गुंडाळावा लागेल. दुटप्पी म्हणा, दांभिक म्हणा, पण दुसऱ्याला शब्द वापरू नको हे सांगणारे तुम्ही कोण?

वऱ्हाडी मुंबईत:
ज्याच्या नावाचा शब्द आहे, तो. दोन शब्द तुम्हीच सुचवलेत, ते वापरा.

गोरेगावकर:
आजीचं वाचून मी थांबलो. शब्द चूक आहे असं अजूनही म्हणणार नाही. माझ्या तोंडून मात्र येणार नाही, एवढं धरा.

घाटकोपर पश्चिम:
सगळे मानभावीवर अडकलात. मला ‘वेड्यात काढणं’बद्दल बोलायचंय. वेड्यात चारचौघांत काढतात आणि आपल्याला ते कळतं. माझ्या बहिणीला नवरा एकटीला गाठून सांगायचा, ‘मी असं बोललोच नव्हतो, तूच विसरतेस.’ पैशांचं, माहेरी जायचं, सगळ्याचं तेच. तिला खरंच वाटायला लागलं की डोकं गेलं आपलं. मग ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहायला लागली. तारीख, आणि तो नेमकं काय म्हणाला ते. ४ महिन्यांची पानं तिने मला आणून दाखवली. अक्षर इतकं बारीक की मला चष्मा लावावा लागला. १९३८ च्या ‘गॅस लाइट’ या इंग्रजी नाटकात नवरा असाच बायकोला वेडी ठरवू पाहतो, त्यावरून ‘गॅसलायटिंग’ हा शब्द आला, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, ‘म्हणजे याला नाव आहे?’ आणि रडली. आईने इतकी वर्षं तिला एकच शब्द दिला होता, सोशिक.

गोरेगावकर:
ताई, वेड्यात काढणं मी मागे घेतो. त्यांच्या यादीतला तेवढा एक शब्द ठेवा. बाकीच्या ४९ वर माझं भांडण आहे.

भांडुपच्या मॅडम:
‘सोशिक’पण मागे घ्या.

गोरेगावकर:
तो मी लिहिलाच नव्हता, मॅडम. पण माझी आई गेली तेव्हा शोकसभेत तिच्यासाठी तोच वापरला होता, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.