'संपादन वाईट' की 'मुद्रितशोधन वाईट'? नेमका शब्द हवा

वेलांटी: एका इंग्रजी कादंबरीचं परीक्षण मराठीत लिहायचं आहे. अमेरिकेतलं लहान गाव, सोळा वर्षांचा गे नायक, त्याला मेलेली माणसं दिसतात आणि वर्गमित्राच्या खुनाचा छडा लावायचा आहे. कल्पना झकास, पण पुस्तक हातातून निसटलेलं. 'संपादन वाईट' असं लिहिलं, तर वाचणाऱ्याने खोडून 'मुद्रितशोधन वाईट' केलं. मला ते पटत नाही. आईचं नाव तिसऱ्या प्रकरणात एक, अकराव्यात दुसरं. गुरुवारी रात्री खून, दुसऱ्या दिवशी उजाडतो रविवार. ज्या भुताला पेलाही उचलता येत नाही, ते शेवटी दाराची कडी काढतं. एवढं सगळं एका शब्दात कसं बसवायचं?

खिळा: एका शब्दात बसवूच नका. मुद्रितशोधन म्हणजे छपाईसाठी जुळवलेला मजकूर मूळ प्रतीशी ताडून पाहणं: गाळलेली ओळ, उलटसुलट अक्षरं, दोनदा पडलेला शब्द. भुताची कडी ही त्याची जबाबदारी नाही. इंग्रजी प्रकाशनात चार टप्पे मानतात. आधी रचना, म्हणजे कथानक, पात्रं, कोणता धागा कुठे उघडायचा. मग वाक्यावाक्याची भाषा. मग कॉपी एडिटिंग, ज्यात नावं, वार, वयं, लेखननियम येतात. पानं लागल्यावर प्रुफं, म्हणजे मुद्रितशोधन. क्रम उलटला की पैसे वाया, कारण प्रुफं तपासून झाल्यावर प्रकरण हलवलं तर नव्या चुका शिरतात.
आईचं नाव आणि रविवार हा तिसऱ्या टप्प्यातला घोटाळा. त्यासाठी कॉपी एडिटर तक्ता ठेवतो: पात्राचं नाव, वय, डोळ्यांचा रंग, गाडी, प्रत्येक प्रसंगाचा वार. भूतकथेत आणखी एक रकाना लागतो: भुताला काय जमतं, काय नाही, आणि ते वाचकाला कोणत्या पानावर सांगितलं.

रफार: कॉपी एडिटिंगला मराठी शब्द आहे की नाही? 'संहितासंस्करण' म्हणा.

खिळा: संस्करण म्हटलं की हिंदी वाचणाऱ्याला आवृत्ती आठवते. छापखान्यात असं कोणी म्हणत नाही. 'कॉपी तपासणे' म्हणतात.

तळटीप: मुळात 'संपादन' हाच शब्द उसना अर्थ घेऊन बसलाय. विद्या संपादन करणे, विश्वास संपादन करणे, म्हणजे मिळवणे. सरकार अजून भूसंपादनच करतं. या कादंबरीत भूतसंपादन राहून गेलं, एवढंच.

रफार: विनोद छान, पण व्युत्पत्तीवर अर्थ ठरत नाही. दैनिकाचा संपादक काय मिळवतो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

वेलांटी: इंग्रजीत 'पीक'चे तीन शब्द आहेत: चोरून बघणे, शिखर, आणि कुतूहल चाळवणे. पुस्तकात चाळवणाऱ्याच्या जागी सगळीकडे शिखर आलंय. स्पेलचेकर गप्प, कारण तिन्ही शब्द खरेच. परीक्षणात उदाहरण द्यावं, तर देवनागरीत तिन्ही 'पीक'च, आणि वाचक शेताकडे बघणार.

खिळा: मराठी जोडी द्या. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनाच्या अठरा नियमांप्रमाणे अकारान्त शब्दातला उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरा, इकार दीर्घ; तत्समांना, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांना, अपवाद. म्हणून शिर म्हणजे डोकं, शीर म्हणजे रक्तवाहिनी. खुनाच्या गोष्टीत हा फरक जिवावरचा.

काना: मूळ दुखण्याला कोणी हात लावला नाही. दोन मुलांच्या प्रेमप्रसंगात इंग्रजीत दोघेही 'ही' (he), म्हणजे 'तो'. त्याचा हात त्याच्या गुडघ्यावर, म्हणजे कोणाचा कोणाच्या? नवखे लेखक मग 'उंच मुलगा', 'सोनेरी केसांचा' अशी बिरुदं लावतात. ज्याच्या डोळ्यांतून प्रसंग दिसतोय तोच स्वतःला 'सोनेरी केसांचा' म्हणायला लागतो. भाषेचा संपादक हे आधी काढतो: नाव पुन्हा घालतो, एका परिच्छेदात एकाचीच कृती ठेवतो, कर्ता बदलला की परिच्छेद बदलतो.
मराठीत हा गुंता अर्धा सुटतो. 'त्याने आपल्या गुडघ्यावर हात ठेवला' आणि 'त्याने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. हाताला तर सर्वनामच लागत नाही.

तळटीप: कागदावर वेगळी. बोलताना 'त्याने त्याची गाडी काढली' म्हणजे स्वतःचीच गाडी.

काना: तो इंग्रजीचा परिणाम. 'आपली गाडी' हेच बरोबर.

तळटीप: 'आपली' म्हणजे तुमची-आमची पण होते. 'मी आपला बसलो होतो' मधला 'आपला' कोणाचा? बोलणाऱ्याला चुकीचं ठरवून व्याकरण वाचत नाही.

रफार: वेलांटी, परीक्षणात 'अलौकिक रहस्यकथा' लिहू नका. मराठीत अलौकिक म्हणजे कौतुक. तुम्ही झोडपताय आणि वाचणारा विकत घेईल. 'भुताची रहस्यकथा' लिहा. 'गूढकथा' म्हटलं तर उकल होईलच अशी हमी नसते.

खिळा: इथे उकल हवीच. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले, त्यातल्या दुसऱ्यानेच अमानवी शक्तींना बंदी घातली. ती मोडायला हरकत नाही, पण मग भुताच्या मर्यादा आधी सांगाव्या लागतात. मेलेल्या मुलाला खुनी माहीत असेल तर तो पहिल्या प्रकरणात नाव का सांगत नाही? याचं उत्तर पहिल्या तीसेक पानांत हवं. ते नसेल तर दोष रचनेचा, आणि तिथे 'संपादन झालेलं नाही' हेच शब्द योग्य.

वेलांटी: हे बरं. आता 'यंग अडल्ट' या वाचकवर्गाला काय म्हणू? अमेरिकी ग्रंथालयांत बारा ते अठरा वर्षं धरतात. 'बालकुमार' म्हटलं की पऱ्या येतात.

रफार: 'कुमार' पुरे. आणि 'गे' काढून 'समलिंगी' करा.

काना: 'समलैंगिक' हवं. समलिंगी म्हणजे व्याकरणात एकाच लिंगाचे दोन शब्द.

रफार: वर्तमानपत्रं वर्षानुवर्षं 'समलिंगी' छापतात. पुण्यात समलिंगींसाठी काम करणाऱ्या संस्थेने तर 'समपथिक' हे नाव घेतलं.

वेलांटी: नायक स्वतःला गे म्हणतो. त्याच्या तोंडी समलैंगिक घातलं तर तो सोळाचा न राहता समाजशास्त्राचा प्राध्यापक होईल.

तळटीप: मग प्रत्यय कसा लावणार? गे अधिक ला, गेला. भूतकथेत 'गेला' म्हणजे वेगळंच.

काना: प्रत्यय 'गे'ला लावायचाच नाही. पुढे नाम ठेवा: गे मुलाला, गे तरुणाने.

तळटीप: आणि अनेकवचनी? 'गेंना' मी छापलेलं पाहिलंय.

काना: छापलेलं होतं म्हणजे तपासलेलं होतं असं नाही.

तळटीप: वापरणाऱ्यांना विचारा, तपासणाऱ्यांना नको.