तीस हजारांच्या आत डेस्कटॉप: ‘आय-५’ स्वस्त आणि ‘आय-३’ महाग कसा?

प्रश्न (फोंडा)
दुकानाचे टॅलीवरील हिशेब आणि मुलीचा महाविद्यालयीन अभ्यास यांसाठी डेस्कटॉप घ्यायचा आहे. मॉनिटर घरी आहे. येथील एका दुकानदाराने ‘आय-५, १६ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क’ यासाठी १७,५०० रुपयांचे कोटेशन दिले, तर पणजीत आय-३ १२१००, ८ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) यांचे २९,००० सांगितले. इंटेलच्या प्रोसेसरांत आय-५ हा आय-३ पेक्षा वरचा मानतात, मग स्वस्तातला आय-५ सोडून महागडा आय-३ घेण्यात काही अर्थ आहे का? कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (डिचोली)
पहिल्या दुकानदाराकडून आय-५ च्या पुढचा पूर्ण क्रमांक लिहून घ्या, कारण त्याशिवाय ते कोटेशन अपुरे आहे. या भावातले आय-५ बहुधा कार्यालयांतून निघालेल्या जुन्या संगणकांतले, उदाहरणार्थ २०१३ सालचे चौथ्या पिढीचे ४५७०, असतात. त्याला चार कोअर (काम करणारे भाग) आणि चारच थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामे) आहेत. २०२२ सालच्या आय-३ १२१०० ला कोअर तेवढेच असले तरी थ्रेड आठ आहेत आणि प्रत्येक कोअर बराच वेगवान आहे. शिवाय विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर किमान आठव्या पिढीचा लागतो, आणि विंडोज १० ला नियमित सुरक्षा अपडेट मिळणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाले. ज्या यंत्रावर दुकानाचे हिशेब राहणार, त्याबाबत ही गोष्ट मला फार गंभीर वाटते.

उत्तर (म्हापसा)
वरील मताशी सहमत आहे. मात्र एएमडी कंपनीच्या रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरचाही भाव विचारा. त्यात सहा कोअर, बारा थ्रेड आणि १२१०० पेक्षा सरस अंतर्गत ग्राफिक्स (पडद्यावर चित्र दाखवणारा, प्रोसेसरमधलाच भाग) आहे, त्यामुळे मुलीला प्रोग्रॅमिंग किंवा व्हिडिओ संपादन करायचे असल्यास तो अधिक उपयोगी पडेल. अंतर्गत ग्राफिक्स रॅमच वापरत असल्याने १६ जीबीची एकच पट्टी न घेता ८ जीबीच्या दोन घ्याव्यात, म्हणजे रॅमचा वेग वाढतो. कोणी स्वस्त म्हणून १२१००एफ सुचवल्यास नकार द्या: ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसते आणि वेगळे कार्ड घेतल्याशिवाय पडद्यावर काहीच दिसत नाही.

उत्तर (पेडणे)
१२१०० आणि ५६००जी या दोन्ही प्रोसेसरांत तुमची कामे होतील. पण एसएसडीशिवाय यंत्र मुळीच घेऊ नका. पावसाळ्यात आपल्याकडे वीज सारखी जाते, तेव्हा यूपीएसचा खर्च आधीच धरा, नाहीतर टॅलीचा डेटा बिघडण्याची भीती राहते. दोन्ही भावांत १८ टक्के जीएसटी धरला आहे का, हेही विचारा. पक्के बिल आणि सुट्या भागांचे अनुक्रमांक हाती नसतील तर पुढे वॉरंटी मिळवणे अवघड जाते.

प्रश्नकर्ता (फोंडा)
आपणा सर्वांचा आभारी आहे. विचारल्यावर तो आय-५ ३४७० निघाला, म्हणजे तिसऱ्या पिढीचा, त्यामुळे तो विषय संपला. पणजीच्या दुकानाकडून आता ५६००जी, ८ जीबीच्या दोन पट्ट्या आणि यूपीएस यांसह जीएसटी धरून लेखी कोटेशन मागवले आहे. आकडा तीस हजारांपुढे फार गेला, तर १२१०० च घेईन.