कोरियन अक्षरांना ११,१७२ क्रमांक द्यायला हवे होते का?

टंकवेडी
कोरियन हंगुल लिपीत 'हान' हे एकच चौकोनी अक्षर. आत ह, आ, न असे तीन तुकडे बसवलेले. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना कॉम्प्युटरसाठी क्रमांक देणारं मानक. त्याने १९९६ च्या २.० आवृत्तीत आधुनिक कोरियनची अशी सगळी शक्य ११,१७२ अक्षरं आयती घेतली, प्रत्येकाला वेगळा क्रमांक. सुट्या तुकड्यांचे क्रमांकही आहेतच! म्हणजे एकच अक्षर दोन तऱ्हांनी साठवलं जातं. मी कोरियनमधून भाषांतरं करते. परवा आलेल्या एका फाइलचं नाव 'ह आ न' असं विस्कटून दिसत होतं, आणि शोध घेतला तर सापडेना. आपली 'स्त्री' सहा तुकड्यांत साठवली जाते, तिला कुणी वेगळा क्रमांक मागितला नाही.

जुळारी
साफ असहमत. कोरियाच्या १९८७ च्या सरकारी मानकात फक्त २,३५० अक्षरं होती. थायलंडच्या 'तोम याम' सुपाचं नाव कोरियनमध्ये 'त्तोम'ने सुरू होतं, ते अक्षरच त्यात नव्हतं. आपल्याच भाषेतलं अक्षर कॉम्प्युटर नाकारतो, हे किती लागत असेल! शिवाय ११,१७२ हा आकडा हवेतला नाही: १९ आरंभीची व्यंजनं × २१ स्वर × शेवटाचे २८ पर्याय ('काही नाही' धरून). पहिलं अक्षर ४४०३२ वर. शून्यापासून मोजा: ह १८वा, आ शून्य, शेवटचा न चौथा. (१८×२१+०)×२८+४ = १०५८८. त्यात ४४०३२ मिळवा, ५४६२० आले. तोच 'हान'. फोडायला-जोडायला कोष्टक लागत नाही. यूटीएफ-८ मध्ये (युनिकोडचे क्रमांक साठवायची नेहमीची पद्धत) अख्खं अक्षर ३ बाइट, तुकड्यांत ९.

टंकवेडी
गणित सुरेख आहे, मान्य. पण १४४६ मध्ये लिपी जाहीर झाली तेव्हाचा टिंबासारखा स्वर या ११,१७२ मध्ये कुठे आहे? जुनं कोरियन लिहायला शेवटी तुकडेच लागतात.

वाटसरू
दोन्ही रूपं समान धरायची, हे युनिकोडनेच सांगितलंय. तुलनेआधी ती एकसारखी करून न घेणारं सॉफ्टवेअर चुकतंय. टंकवेडी, फाइलचं नाव एनएफसी रूपात (तुकडे जोडून अख्खं अक्षर) बदलून घ्या, सापडेल.

जुळारी
जुन्या कोरियनचा मुद्दा बरोबर. पण रोजचा व्यवहार त्यासाठी अडवायचा? देवनागरीचे तुकडे नीट जोडणारी यंत्रणा घरोघरी पोचेपर्यंत आपण ज्याचा-त्याचा वेगळा फाँट वापरत बसलो. माझ्याकडे १९९९ च्या दिवाळी अंकाचा मजकूर आहे. तो फाँट आता नाही, म्हणून उघडला की नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात.